कंबर सैल सोड

देवावरचा विश्वास उडाला होता असं म्हटलं तर खोटं होईल. मी नुसता दमलो होतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, तेव्हा आम्ही परदेशात, पॅसिफिकच्या किनाऱ्याजवळ बॉथेलला राहायचो. हिचं हृदयाचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. ऑफिस, स्वयंपाक, हिच्या गोळ्या, सगळं मी एकट्याने अंगावर घेतलं होतं. हिला साधा कपसुद्धा उचलू द्यायचो नाही. "अहो, जरा सैल सोडा की मला," ती म्हणायची, आणि मी खेकसायचो. संध्याकाळी रामरक्षेला बसलो की दोन ओळींनंतर मन गोळ्यांच्या यादीत जायचं.

एका शनिवारी पहाटे ती म्हणाली, "आज शेजारच्या काकू येतायत सोबतीला. तुम्ही तुमची होडी घेऊन कुठेतरी जा बाई एकदाचे. मला तुमच्यापासून सुट्टी हवीय." मला राग आला. तसाच निघालो.

होडी म्हणजे कयाक, आत पाय पसरून बसायची एका माणसापुरती निमुळती होडी. दोन उन्हाळे मी ती शांत पाण्यात चालवली होती. त्या दिवशी रागाच्या भरात दोन बेटांमधल्या चिंचोळ्या वाटेतून पलीकडे जायचं ठरवलं. तिथे भरती-ओहोटीचं पाणी नदीसारखं धावतं, आणि भरती पुरी झाली की थोडा वेळ थांबतं. तेवढ्यात पलीकडे व्हायचं. त्याचं छापील वेळापत्रक दुकानात मिळायचं, पण मी पडलो दापोलीचा! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे वडिलांनी शिकवलेलं. एकादशी होती, अकराची पाऊणपट सव्वाआठ. पॅसिफिकला दापोलीचं गणित लावणारा शहाणा मीच.

सव्वाआठला पाणी थांबलं तर नाहीच, उलट त्याने मला आत ओढलं. पुढे लाटा उभ्या होत्या. किनाऱ्याकडे न जाता एकाच जागी उसळत राहणाऱ्या, छातीइतक्या उंच. मी गुडघे होडीला गच्च आवळले आणि वल्हं मारत सुटलो. जितका आवळत होतो तितकी होडी कलंडत होती. त्या बर्फगार पाण्यात पडलो तर संपलंच. दुपारची गोळी हिला कोण देणार, एवढंच डोक्यात होतं. हात भरून आले आणि तोंडातून निघालं, "रामा, आता नाही रे होत माझ्याच्याने."

"लूज हिप्स! कंबर सैल सोड!" डावीकडून इंग्रजीत हाक आली. खडकाआड पाणी शांत होतं, तिथे पिवळ्या रेनकोटातली एक म्हातारी बाई कयाकमध्ये बसली होती. "डोंट फाइट इट! बोटीला हलू दे!"

मी गुडघे सोडले. मला वाटलं, पडलोच. पण होडी माझ्या खाली आपली आपण डुलत राहिली आणि मी सरळ बसलेला! ती हाताने दिशा दाखवत गेली, मी वल्हं पाण्यात धरून तिरका सरकत खडकाआड पोचलो. तिथे मात्र रडू फुटलं, अगदी मोठ्याने.

तिने थर्मासमधली कॉफी दिली. म्हणाली, "खरं तर मी या वेळेला इथे असायलाच नको. वेळापत्रकात समर टाइमचा एक तास मिळवायला विसरले. वीस वर्षांत पहिल्यांदा." तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, छापील वेळापत्रक मात्र जुन्याच वेळेचं; म्हणून ती तासभर आधीच येऊन बसली होती. तासाभराने पाणी खरोखरच थांबलं. तिने मला किनाऱ्यापर्यंत सोडलं आणि गेली. नाव विचारायचं राहून गेलं.

तिची चूक झाली म्हणून माझी निस्तरली. यात कोणाचा हात होता हे मी कोणाला पटवायला जात नाही. मी नुसते हात जोडतो.

घरी पोचलो तर काकू गेल्या होत्या. दुपारची गोळी हिने आपली आपण घेतली होती आणि ओट्याशी उभी राहून चहा करत होती. मी सवयीने धावणार होतो. "बसा," ती म्हणाली. मी खुर्चीत बसलो, कंबर सैल सोडून. ती एकेक पाऊल टाकत आली. अर्धा चहा बशीत सांडला. चार महिन्यांनी तिच्या हातचा चहा. मी आधी बशीतला प्यायलो.