ठमीबायचं चौथं मडकं

आमच्या नाटक कंपनीत बंडखोर राणीची भूमिका करायला बाई मिळत नसे. पुरुषच लुगडं नेसून उभा राही आणि डोळे वटारून वेळ मारून नेई. ठमीबाय भोईर मला तेव्हा भेटली असती तर मी मालकांच्या पायाशी बसून सांगितलं असतं, हिला काहीही पाठ करायला लावू नका, फक्त उभी करा.

ती भेटली ती कंपनी मोडल्यावर, एकोणीसशे एकोणसाठ साली. विकास योजनेच्या प्रचारपथकात मला पोटापुरतं काम मिळालं होतं. गावात शिरायचं, ढोलकीवर थाप टाकायची, दोन नकला करायच्या आणि माणसं जमली की पथकाच्या साहेबांना भाषणाला वाट करून द्यायची. जिल्ह्याला तेव्हा कुलाबाच म्हणत. पेणच्या खालच्या अंगाला, धरमतरच्या खाडीला लागून मोरखार नावाचं आगरी गाव होतं. समोर खाडी, मागे भातशेती आणि दोहोंच्या मधे मातीचा बांध. बांध आहे तोवर भात. तो गेला की शेतात खारं पाणी, आणि मग पुढची काही वर्षं तिथे गवतही धड धरत नाही.

पूर्वी बांधाची काळजी जमीनमालक घ्यायचे, म्हणजे कुळांकडून करवून घ्यायचे. जमिनी कुळांच्या नावावर होऊ लागल्या तसं मालकांनी बांधाकडे पाठ फिरवली. पुरुष मिठागरात नाहीतर मुंबईच्या गोदीत. तेव्हा ठमीबायनं घरोघरच्या बाया बाहेर काढल्या. विधवा बाई, काळीसावळी, कासोटा घट्ट, कपाळ मोकळं. "सरकार श्रमदान श्रमदान करतंय ना? चला, दाखवू कसं करतात ते!" म्हणाली. खाडीच्या चिखलापासून बांधापर्यंत बायांची ओळ लागायची आणि मातीची ढेपळं हातोहात वर जायची. मजुरी नाही, हजेरी नाही.

पण नुसत्या मातीनं भागत नव्हतं. बांधात एक उघाडी असते, म्हणजे दार. पावसाचं गोडं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीचं आत येऊ द्यायचं नाही. मोरखारची उघाडी लाकडाची होती, कुजलेली. तिच्या कडेनंच बांध दरवेळी तुटायचा. दगडी उघाडी देऊ असा शब्द सरकारनं दिला होता, आणि ठमीबाय त्या शब्दाच्या मागे हात धुऊन लागली होती.

अशात आमच्या साहेबांना वरून हुकूम आला: श्रमदान करणाऱ्यांना आपल्या कामाचं समाधान किती, ते मोजा. साहेब तरुण, देशावरचे, बोलायला गोड आणि मनानं सरळ. लिहिता न येणाऱ्यांसाठी त्यांनी स्वतःच युक्ती काढली. तीन मडकी. पांढरं पूर्ण समाधानी, पिवळं बऱ्यापैकी, काळं असमाधानी. ज्यानं त्यानं आपल्या मनासारख्या मडक्यात खडा टाकायचा. खारात, म्हणजे त्या खाऱ्या चिखलात, खडा कुठला मिळायला? म्हणून पिशवीभर चिंचोके आणले.

आदल्या संध्याकाळी सरपंच गुणाजीनं देवळापुढे सगळ्यांना जमवलं. "उद्या समदे चिंचोके पांढऱ्यात पडाय पायजेत. ज्या गावाचं समाधान पुरं, त्या गावाला मानाचं निशाण. अन् काम पूर्ण झालं असा शेरा."

"पूर्ण?" ठमीबाय म्हणाली. "मंग उघाडी?"

"ती मागनं बघू."

"मागनं पाठ दिसते, गुणाजी."

सकाळी माझ्या नकला झाल्या, बाया हसल्या, साहेब पुढे झाले. त्यांनी ठमीबायच्या सुनेला, केसरला, प्रेमानं विचारलं, "काय बाई, बांध कसा आहे?"

केसर लाजून म्हणाली, "वाढला, साहेब. पुनवंला."

"वा! किती वाढला?"

"उघाडीपासनं त्या माडापरयंत."

"तुम्ही सगळ्यांनी मिळून?"

"न्हाय, साहेब. उधाणानं."

"शाबास!" साहेबांचा चेहरा उजळला. "कामाच्या आनंदाला असंच उधाण यायला हवं!"

बायांच्या ओळीत पदर तोंडावर गेले. मी ढोलकीवर मान घातली. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. मोरखारात बांधाचंही तसंच होतं. 'फुटला' हा शब्द बांधावर कुणी उच्चारायचा नाही, खाडी ऐकते. साहेबांना हे कुठून कळणार! गुणाजीला कळत होतं, पण तो आपल्या टोपीची घडी नीट करत राहिला. मग पांढऱ्या मडक्याशेजारी जाऊन उभा राहिला. बाया एकेक करून पुढे येत, त्याच्याकडे पाहत आणि पांढऱ्यात चिंचोका टाकत.

ठमीबायची पाळी आली. तिनं हात पुढे केलाच नाही.

"साहेब, वाढला म्हंजे तुमाला काय समजलं?"

"वाढला म्हणजे... मोठा झाला."

"गुणाजी, सांग रं सायबाला."

"ठमीबाय," गुणाजी दात आवळून म्हणाला, "शुभ बोल."

"शुभ बोलून बोलून शेतात मीठ आलं!" ती साहेबांकडे वळली. "फुटला, साहेब. बांध फुटला!"

एका म्हातारीनं दोन्ही कान झाकले. केसरनं सासूचा दंड धरला. ठमीबायनं तो सोडवून घेतला आणि पुन्हा म्हणाली, या खेपेला प्रत्येक अक्षर वेगळं करून, "फुट-ला. उघाडीच्या कडेनं. दर उधाणाला फुटतो, अन् आमी दर उधाणाला बांधतो."

साहेब गोंधळले. "म्हणजे तुम्ही असमाधानी आहात. मग उद्यापासून कामाला येणार नाही?"

"का न्हाय येनार? समाधान झालेली मानसं घरी बसतात. आमी येताव ते समाधान न्हाय म्हनून."

"मग काळ्या मडक्यात टाका."

"काळ्यात टाकला तं तुमी लिवनार, बाया कामाला कंटाळल्या. पांढऱ्यात टाकला तं लिवनार, काम पुरं झालं. मना चौथं मडकं पायजे. काम आमचं हाय, आमी ते सोडनार न्हाय, अन् उघाडी घेतल्याबिगर गप बसनार न्हाय. असल्या मानसांचं."

"चौथं नाही हो."

"मंग माजा चिंचोका माज्याकडं." तिनं तो कनवटीला लावला.

मग केसरनं पांढऱ्या मडक्यात हात घालून एक चिंचोका काढला. तिच्यामागून दुसरी, तिसरी.

"ए, ए! कुनाचा कुठला ते कळतंय का?" गुणाजी ओरडला.

"चिंचोका तो चिंचोका, सरपंच," केसर म्हणाली. ही मघाशी लाजणारी केसर! "त्यो काय निशाण हाय, एकालाच मिळायला?"

पांढरं मडकं रिकामं झालं. साहेबांनी आत वाकून पाहिलं, मग सावकाश बूट काढले. "कुठे फुटला ते दाखवा मला," म्हणाले. फुटलेल्या जागेपाशी ते गुडघ्यापर्यंत रुतले. ठमीबायनं काखेत हात घालून त्यांना वर ओढलं.

"आता मी वर काय कळवू?" त्यांनी चिखलातूनच विचारलं.

"कळवा, बाया भांडतात."

त्यांनी काय कळवलं कोण जाणे. निशाण दुसऱ्या गावाला गेलं आणि साहेबांची बदली झाली, पण इंजिनियर आला. पुढच्या उन्हाळ्यात दगडी उघाडी उभी राहिली.

उद्घाटनाला ढोलकी माझीच होती. पाहुण्यांनी हार हातात घेऊन ठमीबायचं नाव पुकारलं. कुणी उठेना. अखेर केसर उभी राहिली.

"सासू न्हाय आली. शेजारच्या गावात बांध फुटलाय. पहाटेच गेली, दहा बाया घेऊन."

"पण आज तिचा सत्कार आहे!"

"बोलले मी. बोलली, मना हार नको, टोपल्या घेऊन मानसं धाडा." केसरनं व्यासपीठावर बसलेल्यांवरून नजर फिरवली. "कोन येतंय?"