माझा चार्जर, म्हात्रेंचा खांब

आमच्या सोसायटीच्या गेटातून आत शिरलं की डाव्या हाताच्या पहिल्याच खांबावर गाडीचा एक चार्जर आहे. तो माझा आहे. त्याच्या डोक्यावर पितळेची पाटी आहे, तिच्यावर माझं नाव आहे. आणि त्याच्याखाली गाडी लावायची मला परवानगी नाही.

हे असं का, ते सांगायचं तर सुरुवात माझ्या साडूपासून करायला हवी. (माझ्या आयुष्यात बहुतेक गोष्टींची सुरुवात साडूपासूनच होते.) श्रीकांतराव म्हणजे माझ्या बायकोच्या, माधुरीच्या, धाकट्या बहिणीचे यजमान. ठाण्याला वर्तकनगरात राहतात. माणूस सज्जन, हसतमुख, कोणाच्या अध्यात ना मध्यात. हाच त्यांचा मोठा दोष आहे. समोरचा जरा मिरवत असला की त्याच्यावर जळायला सोपं जातं, मनाला टोचत नाही. हे गृहस्थ मिरवतसुद्धा नाहीत! नवा फ्लॅट घेतला, कधी ते कळलं नाही. विचारलं तर म्हणाले, "सहजच." युरोपला जाऊन आले, सहजच. त्यांचे केससुद्धा अजून सगळे जागच्या जागी आहेत, तेही बहुधा सहजच. इकडे डोंबिवलीत मी एक मिक्सर बदलायचा म्हटलं तरी घरात आठवडाभर चर्चासत्र चालतं.

तर त्या वर्षी गणपतीला आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलेलो. दारात चपला काढतोय तोच मेहुणी मंजिरी म्हणाली, "भाऊजी, दर्शन नंतर घ्या, आधी खाली पार्किंगमध्ये चला." ज्या घरात गणपतीच्या आधी पार्किंगचं दर्शन घ्यायला लावतात तिथे काहीतरी भयंकर घेतलेलं असणार, हे मी तेव्हाच ओळखलं. खाली निळी, चकचकीत विजेवरची गाडी उभी होती. तिच्या अंगातून एक काळी केबल निघून भिंतीवरच्या पांढऱ्या डबीत गेलेली, आणि डबीवर एक हिरवा दिवा मंद मंद तेवत होता. श्रीकांतराव म्हणाले की संध्याकाळी आलं की लावायची, सकाळी भरलेली असते, पेट्रोलपंपावर शेवटचं कधी गेलो तेच आता आठवत नाही. मी म्हटलं, "वा, छान." हे दोन शब्द इतके कोरडे निघाले की मोदकावरचं तूपही त्यांना पुरलं नसतं. मी जळलो. सरळ सांगतो, त्यात लाजायचं काय? भिंतीवरच्या त्या डबीवर मी जितका जळलो तितका आजवर कोणा माणसावर जळलो नव्हतो.

परत येताना शीळफाट्याला नेहमीप्रमाणे गाड्या तुंबलेल्या. आमची जुनी पेट्रोलची गाडी जागच्या जागी थडथडत होती. माधुरी खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "त्यांच्या गाडीचा आवाजच येत नाही, नाही?"

तिने एवढंच म्हटलं. पण शीळफाट्याचा सिग्नल सुटायच्या आत माझा निर्णय झालेला होता.

दसऱ्याला गाडी दारात आली. मुद्दाम लाल घेतली, निळ्यापेक्षा लांबून दिसते. पण माझं खरं लक्ष चार्जरवर होतं. गाडी काय, कोणीही घेतं. श्रीकांतरावांचा चार्जर तळघरात कोपऱ्यात आहे, तो बघायला लिफ्टने खाली जावं लागतं. माझी पार्किंगची जागा गेटाशी! दूधवाला, कुरियरवाला, समोरच्या बिल्डिंगच्या बाल्कन्या, सगळ्यांना तो येताजाता दिसणार. मी सेक्रेटरींची रीतसर परवानगी काढली, मीटरच्या खोलीतून माझ्या मीटरची वायर पाइपातून खांबापर्यंत आणली. पाइप वळताना तळमजल्याच्या काकूंनी विचारलं की यामुळे त्यांच्या फ्रीजची थंडी कमी होईल का. मी त्यांना धीर दिला. त्यानंतर बाजारातून पितळी पाटी करून आणली, "वि. ग. साठ्ये", आणि चार्जरच्या वर ठोकली. माधुरीने गाडीबरोबर चार्जरलाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. चार्जरच्या तोंडात कुंकू जाईल म्हणून मी कळवळून ओरडलो, पण आतून मला भरून आलेलं. माळ घातलेल्या चार्जरचे फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. वेगवेगळ्या कोनांतून टाकले. श्रीकांतरावांनी अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, "बघायला यायलाच हवं." ठरलं, तुळशीच्या लग्नाला ते दोघं आमच्याकडे जेवायला येणार. त्या दिवशी माझा चार्जर पाहून श्रीकांतरावांच्या तोंडून एकदा तरी 'वा, छान' असं कोरडं निघावं, एवढीच माझी देवाकडे मागणी होती.

आता इथे म्हात्रेशेठ येतात.

आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती मुळात म्हात्र्यांची भातशेती. जमीन बिल्डरला देताना शेठना फ्लॅट मिळाला आणि गेटाजवळची पार्किंगची जागा कायमची मिळाली. बाजूचा मोकळा प्लॉटही त्यांचाच, मोठी गाडी ते तिथेच उभी करतात. गेटाजवळच्या त्या झकास जागेत त्यांनी लावली होती वडिलांच्या वेळची एक जीप. चाकांतली हवा गेलेली, बॅटरी मेलेली, टपावर बायका कुरडया वाळत घालायच्या. मला ते बघवायचं नाही. इतकी मोक्याची जागा, आणि तिथे कुरडया! शेवटी काही वर्षांपूर्वी सर्वसाधारण सभेत मी उभा राहिलो आणि लोकशाहीवर भाषण ठोकलं. पार्किंग ही कोणाच्या बापजाद्यांची जहागीर नाही, असं म्हणालो. (ती खरोखरच त्यांच्या बापजाद्यांची होती, हे मला बसल्यावर आठवलं.) दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत चिठ्ठ्या टाकून जागा वाटायच्या, असा नियम माझ्या सूचनेवरून झाला. आणि सूचना माझी म्हणून चिठ्ठ्या काढायचा मानही मला मिळाला. पहिल्याच वर्षी गेटाची जागा मला आली आणि म्हात्रेंची जीप मागे पंपाच्या खोलीशी गेली. शेठच्या पुतण्यांनी मिळून जीप ढकलत नेली. त्यानंतर चिठ्ठ्यांचा विषय कोणी काढला नाही. मीही काढला नाही. माझ्या मते लोकशाहीचं काम झालेलं होतं.

पण चार्जर बसल्यावर दिवाळीच्या सुट्टीत भरलेल्या सभेत पाण्याची टाकी, लिफ्टचा आवाज वगैरे संपल्यावर म्हात्रेशेठ हळूच उठले. माझ्याकडे बघून गोड हसले.

"साठ्ये सायब, ते चिठ्ठ्यांचा काय झाला? जागा कोनाचे बापजाद्यांची नाय ना?"

सभा हसली. मी म्हणालो की आता चार्जर बसलाय, खांबाला वायर आलीय, परिस्थिती बदललीय. सेक्रेटरी म्हणाले की नियम नियम आहे, आणि तो तुमचाच आहे. मी म्हणालो, मग चार्जर माझ्या नव्या जागेवर हलवू. तेव्हा सेक्रेटरींनी सांगितलं की खांबाला पुन्हा भोकं पाडायची नाहीत असं मागच्याच सभेत ठरलंय. (तीही सूचना माझीच होती. वरच्या मजल्यावरच्यांनी झोपाळा टांगायचा घाट घातलेला, तो मला बघवला नव्हता.)

मग नेहमीचे दोन स्टीलचे डबे आले, एकात नावं, एकात जागा. माझ्या डोळ्यांवर पंचा बांधला. मी मनातल्या मनात सगळे देव आठवले आणि डब्यात हात घातला. नाव काढलं, म्हात्रे. जागा काढली, गेट. टाळ्या पडल्या. माझी चिठ्ठी अगदी शेवटी निघाली. पंपाची खोली! खाली पाण्याची टाकी, त्यामुळे तिथे वायर न्यायची सोयच नाही. सगळं मी माझ्याच हाताने काढलं, त्यामुळे कोणाच्या नावाने शंख करावा हेही कळेना.

पुतण्यांनी पुन्हा जीप ढकलत आणली आणि माझ्या पाटीखाली उभी केली. दुसऱ्या दिवशी टपावर कुरडया होत्या.

माधुरीचं म्हणणं पडलं की मंजिरीला सरळ सांगून टाकू. मी तिला असं काही बघितलं की तिने तो विषय सोडला. मी म्हात्रेशेठना गाठलं, म्हटलं, एका दिवसासाठी जीप काढता का? शेठ मनाने राजा माणूस. म्हणाले, "अवो घ्या ना, तुमचाच हाय तो." पण तुळशीच्या लग्नाच्या सकाळी मी खाली उतरलो तर शेठचे सगळे पुतणे शिळेला साखरपुड्याला गेलेले, आणि जीप जागेवरून हलायला तयार नाही. पुतण्यांनी ओढून ठेवलेला गंजका हँडब्रेक अडकून बसलेला. चार्जरच्या समोर मेलेल्या बॅटरीची गाडी ठाण मांडून बसलीय आणि माझी लाल गाडी, जिची बॅटरी मी मुद्दाम संपवत आणलेली (पाहुण्यांसमोर चार्ज करायची होती ना!), ती मागे पंपाशी.

मग मी शेवटचा उपाय केला. गाडी कशीबशी आणून गेटात आडवी लावली, जीपच्या मागून केबल ओढली. केबल वीतभर कमी पडली. मी खाली वाकलो, गुडघे टेकले, जीपच्या चाकावर पाय रोवून केबल ओढली. ती चार बोटं आली. आणखी ओढण्यासाठी मी जवळजवळ जमिनीवर आडवा झालो, आणि त्याच अवस्थेत माझ्या पाठीमागून कोणीतरी अत्यंत प्रेमाने म्हणालं, "विनायकराव, आलो बरं का."

श्रीकांतरावांची गाडी माझ्या चपलांपर्यंत येऊन थांबली होती. मला काही ऐकूच आलं नाही. त्यांच्या गाडीचा आवाज येत नाही, हे माधुरीने मला शीळफाट्यालाच सांगितलं होतं.

मी उठलो, कपडे झटकले, म्हटलं, केबल तपासत होतो. श्रीकांतरावांनी चार्जर बघितला, पाटी बघितली, चेहरा एकदम उजळला. म्हणाले, "बरं झालं बुवा! शीळफाट्याला तासभर अडकलो, मंजिरीला एसी हवा, बॅटरी पार खाली गेलीय. म्हटलं चला, तुमच्याकडे आहेच की."

आता पाहुणा दारात आलाय आणि मी नाही म्हणू? म्हात्रेशेठ वरून उतरले, त्यांनी आवाज टाकला, अर्धी सोसायटी जमली. तळमजल्याच्या काकूंनी टपावरच्या कुरडया परातीत काढून घेतल्या. कोणीतरी हँडब्रेकवर तेल ओतलं, मी बंपरला खांदा लावला, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ती जीप बाजूच्या प्लॉटवर ढकलली. जागा मोकळी झाली. श्रीकांतरावांची निळी गाडी माझ्या पाटीखाली गेली, माझ्या चार्जरची केबल तिच्या अंगात शिरली, आणि हिरवा दिवा मंद मंद तेवायला लागला. माझी लाल गाडी आम्ही ढकलत पंपाच्या खोलीशी नेली. श्रीकांतराव चार्जरकडे बघत म्हणाले, "वा, छान." मनापासून म्हणाले. कोरडेपणाचा लवलेश नव्हता. यापेक्षा वाईट काही होऊ शकत नाही असं मला वाटलं.

होऊ शकत होतं. तुळशीचं लग्न होईपर्यंत म्हात्रेशेठ श्रीकांतरावांशेजारी खुर्ची टाकून बसले. गाडी पावसात चालते का, चढावर दमते का, किती वेळ लागतो. श्रीकांतरावांनी सगळं शांतपणे समजावलं, आपल्या गाडीत बसवून शेठना शेजारच्या चौकापर्यंत फिरवूनही आणलं. परत आल्यावर शेठ थेट खांबापाशी गेले. नुसतेच चार्जरकडे बघत राहिले. ती नजर मी ओळखली. गणपतीत वर्तकनगरच्या पार्किंगमध्ये माझी अशीच झाली असणार.

गुढीपाडव्याला म्हात्रेंची गाडी आली. विजेवरची, पांढरीशुभ्र, आमच्या दोघांच्या गाड्या पोटात बसतील एवढी. खांबाला वायर होतीच. ती त्यांनी रीतसर आपल्या मीटरला जोडून घेतली आणि मला विचारून घेतली. पाटी काढू का, असं मी विचारलं तर म्हणाले, "राव दे. नाव तुमचा हाय, शोभा येते." त्या संध्याकाळी श्रीकांतरावांचा फोन आला. ग्रुपवर माधुरीने फोटो टाकला होता. म्हणाले, "काय गाडी आहे हो म्हात्र्यांची." आणि मग तिची किंमत दोनदा विचारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या माणसाबद्दल आपुलकी वाटली.

सध्या मी दर रविवारी गाडी चार्ज करायला वर्तकनगरला जातो. श्रीकांतराव म्हणतात, सहजच येत जा. बहिणी बहिणी गप्पा मारतात आणि मी त्यांच्या तळघरात हिरव्या दिव्याकडे बघत बसतो.

यंदा दसऱ्याला म्हात्रेवहिनींनी चार्जरची साग्रसंगीत पूजा केली. हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढे नारळ. माझ्या पाटीलाही एक फूल वाहिलं. मग वर येऊन मला पेढा दिला. पेढा उत्तम होता. असा पेढा आमच्याकडे कधीच का येत नाही, हे मी त्याच वेळी माधुरीला विचारून घेतलं.