मिनिटाला एकवीस थेंब

वैनगंगेकाठच्या एका गावचा म्हातारा दुपारी आमच्या वॉर्डात आला. जन्मभर मासेमारी केलेला माणूस, हगवण-उलट्यांनी पार गळून गेला होता. सोबत फक्त त्याची मुलगी होती, तिशीतली.

डॉक्टरांनी त्याचे सुजलेले पाय दाबून पाहिले, छातीला नळी लावली आणि मला म्हणाले, "हृदय कमजोर आहे. सलाईन द्या, पण एक बाटली आठ तासांत. घाई नको."

बाटली अर्ध्या लिटरची. आमच्या नळीतून एका मिलिलिटरला वीस थेंब पडतात, म्हणजे बाटलीत दहा हजार थेंब. आठ तासांची मिनिटं चारशे ऐंशी. मिनिटाला एकवीस थेंब. हा हिशेब मी इतक्या वर्षांत इतक्यांदा केला आहे की आता तो आपोआप होतो. घड्याळ धरून थेंब मोजले, नळीवरची चक्री बेताने फिरवली आणि मुलीला सांगितलं, "या चक्रीला हात लावू नका. बाबांचं हृदय थकलंय, पाणी हळूहळूच जायला हवं."

"हो बाई," ती म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या खोलीत एक बाई बाळंतपणात अडली. तिचं बाळ रडेपर्यंत मला तिथून हलता आलं नाही. परत आले तर म्हातारा पलंगावर पुढे वाकून बसला होता. त्याच्या श्वासातून पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. बाटली जवळजवळ रिकामी. मी चक्री बंद केली, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना हाक मारली. छातीत भरलेलं पाणी उतरावं म्हणून लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. अॅम्ब्युलन्स चंद्रपूरकडे निघाली, पण तो वाटेतच गेला.

दोनेक आठवड्यांनी मुलगी मृत्यूचा दाखला न्यायला आली. काम झाल्यावरही ती व्हरांड्यात थांबून राहिली. मी बाहेर आले तशी जवळ आली.

"बाई, म्या ते चक्री फिरवली होती. मले वाटलं, सलाईन जल्दी गेली त बाबा जल्दी उठन. त्याच्यानं झालं का?"

"त्यांचं हृदय आधीच थकलेलं होतं," मी म्हणाले.

"मी ते नाई पुसून राह्यली."

पाणी जोरात गेलं नसतं तर तो वाचला असता का, हे डॉक्टरही खात्रीने सांगू शकले नसते. पण पाणी जोरात गेल्यानेच त्याची छाती भरली, हे मला माहीत होतं, आणि माझ्या गप्प राहण्यातून तिला ते कळलं. तिने पदर सारखा केला आणि बसस्टँडकडे चालू लागली.

पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा आली, या वेळी आईला घेऊन. आईला ताप होता, सलाईन लावावं लागलं. मुलगी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून स्टुलावर बसली, बाटलीकडे पाठ करून. मी जवळून गेले की विचारायची, "बाई, बराबर चालून राह्यली ना?" थोड्या वेळाने पलीकडच्या पलंगावरच्या अनोळखी बाईसाठीही विचारू लागली.

शेवटी मी तिच्याजवळ उभी राहिले आणि घड्याळ पाहत तिच्या आईचे थेंब मोठ्याने मोजले. मागे न वळता तीही माझ्याबरोबर पुटपुटत मोजत होती. मिनिट संपलं, मी थांबले. ती मोजतच राहिली.

आई बरी झाली, दोघी घरी गेल्या. त्यानंतर ती मला दिसली नाही. पण वॉर्डात शिरताना माझं लक्ष अजूनही आधी नळीकडे जातं, माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर. आणि कुणी नातेवाईक पलंगाजवळ नुसता हात उचलून केस जरी मागे सारू लागला, तरी मी हातातलं काम टाकून थेंब मोजायला जाते.