पाचशेला एकशेपंधरा कमी

गुलबर्ग्याच्या खोलीत आम्ही तिघे राहायचो तोवर डिलिव्हरीचे पन्नास रुपये आम्ही एकदाही भरले नाहीत. पाचशेच्या वर खरेदी झाली की माल फुकट घरपोच, हा ऑनलाइन दुकानाचा नियम आम्हाला तोंडपाठ होता. एकाला शर्ट हवा असायचा, दुसऱ्याला हेडफोन, मला परीक्षेचं पुस्तक. तिघांची यादी जुळेपर्यंत कुणी काही मागवायचं नाही. शर्टवाला आठवडाभर कुरकुर करायचा, पण थांबायचा. पन्नास वाचले म्हणून आम्ही चहा-भजी खायला जायचो आणि साठ घालवून यायचो. तरी जिंकल्यासारखं वाटायचं.

मग शर्टवाला नोकरीला पुण्याला गेला आणि हेडफोनवाला हैदराबादला. मी एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर नावं-पत्ते भरत आणि सरकारी नोकरीच्या परीक्षा देत तिथंच राहिलो. एकट्या माणसाची खरेदी पाचशेवर जात नाही, हे मला तेव्हा कळलं. पुस्तक निवडायचं, खाली डिलिव्हरीचे पन्नास दिसले की मुकाट्यानं बंद करायचं, असं महिनाभर चाललं. दोघांनाही फोन करून विचारलं, काही मागवायचंय का. त्यांचे पत्ते आता वेगळे होते, मागवून तरी काय उपयोग? मला फोन करायला निमित्त हवं होतं, एवढंच. दोघंही कामात होते.

पुस्तक तीनशे पंच्याऐंशीचं होतं. पाचशेला एकशेपंधरा कमी. शेवटी एका शनिवारी मी दुकानातल्या वस्तू स्वस्त ते महाग अशा लावल्या आणि एकशेपंधराच्या पुढं बघत गेलो. मोबाइलचं कव्हर, कंगव्यांचा संच, कुत्र्याचा पट्टा. मग गरम पाणी भरून शेकायची एक रबरी पिशवी आली, एकशे एकोणतीस रुपये. घेऊन टाकली. पन्नास वाचवायला आपण एकशे एकोणतीस घालतोय, हे मी मनाला कळू दिलं नाही.

पुस्तकाबरोबर पिशवी आली आणि आता तिचं काय करायचं हा प्रश्न पडला. आईला आम्ही अव्वा म्हणतो. ती गावी, मुडबीला, एकटीच असायची. दर सोमवारी सकाळच्या बसनं, कंडक्टरच्या हाती, ती माझ्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवायची. दुपारच्या परतीच्या गाडीनं मी डबा परत पाठवायचो. डबा रिकामा परत करायचा नाही ही आमच्याकडची रीत. कधी पेढे, कधी नुसती मूठभर साखर. त्या सोमवारी खोलीत साखरही नव्हती, म्हणून मी ती रबरी पिशवी घडी करून डब्यात कोंबली.

संध्याकाळी अव्वाचा फोन आला. एवढ्या आनंदात ती बऱ्याच दिवसांत बोलली नव्हती.

"माझ्या गुडघ्याचं तुझ्या ध्यानात कसं ऱ्हायलं रे?"

गुडघे दुखतात असं ती मागं कधीतरी म्हणाली होती आणि मी नुसतं हूं केलं होतं. आता मात्र म्हणालो, "ऱ्हातंय की."

"शेजारच्या अक्काला दावले मी. म्हणले, पोरगं तिकडं ऱ्हायलंय, पर मन समदं हिकडं हाय."

तिथंच फोन ठेवला असता तर बरं झालं असतं. पण घरात नवी वस्तू आली की आमच्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

"कितीला पडली? कामून खर्च करायलास एवढा?"

अशा वेळी देणाऱ्यानं किंमत थोडी कमी करून सांगायची असते. घेणाऱ्यानं तरीही रागावायचं असतं. आमच्यात माया अशीच बोलली जाते, दुसरी भाषा आम्हाला येत नाही. मी त्या दिवशी नको तेवढी हुशारी केली. म्हणालो, "खर्च कुठला अव्वा? उलट पन्नास वाचले." आणि पाचशेचा नियम, पुस्तकाची किंमत, एकशेपंधराचा तुटवडा, सगळं तिला फुशारकीनं समजावून सांगितलं.

तिनं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे पुस्तकासंगं आली."

"व्हय."

"आन ही न्हाई घेतला असतास, तर दुसरं कायतरी घेतला असतास."

कुत्र्याचा पट्टा माझ्या डोळ्यांसमोर आला.

"बरं केलास," ती म्हणाली. "पन्नास रुपये काय वाटंवर पडलेत?" आणि फोन ठेवला.

मला लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. माझी वाट बघणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि ती मला आठवलीच नव्हती हे मी तिला स्वतःच्या तोंडानं सांगून बसलो होतो. आठवडाभर मी ऑफिसातून येऊन त्या दोन रिकाम्या खाटांकडे बघत बसायचो. नवं पुस्तक उघडलंही नाही.

रविवारी गावाला गेलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. बसमध्ये दोन तास वाक्यं जुळवत होतो. घरी पोचलो तर अव्वा ओट्यावर पाय लांब करून, गुडघ्यावर ती पिशवी ठेवून बसली होती आणि शेजारी अक्का शेंगा फोडत होती. अव्वानं मला बघितलं, क्षणभर बघतच राहिली. मग अक्काकडे वळून म्हणाली, "मुद्दाम मागिवलाय माझ्यासाठी. घरपोच यायचे पन्नास रुपये वरून भरलाय. किती सांगितले तर ऐकत न्हाई बघ ह्यो."

"असं पोरगं पायजे," अक्का म्हणाली आणि माझ्याकडे कौतुकानं बघून हसली.

मी मान डोलावली. मी माफी मागायला आलो होतो, पण आता माफी मागायची तर आधी अव्वाला खोटं पाडावं लागलं असतं.