आधी जेवण, मग माप

उपाशीपोटी आलेल्या बाईचं माप मावशी घेत नसे. "जेईसन ये, मंग माप लेस," म्हणून दारातूनच परत पाठवायची. बाया यायच्या त्या सकाळपासून पाणीही न पिता, पोट आत ओढून, टेपवर इंचभर कमी भरावं म्हणून. मावशीचं डोकं तिथेच फिरायचं. पोटावर टपली मारून म्हणायची, "सोड तो दम! ब्लाऊज घालीसन जलमभर आशीच उभी ऱ्हाशी का?"

ती माझी सख्खी मावशी नव्हे. सुरतेला डिंडोलीत आमच्या समोरच्या खोलीत राहायची, आमच्यासारखीच खानदेशातून आलेली. नवरा कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर कामाला, आणि ही घरी शिलाई करायची. अंगाने माझ्याहूनही जाड. वस्तीतल्या टग्यांनी तिचं नाव 'डबलपन्हा' पाडलं होतं, दुप्पट रुंदीच्या कापडावरून. तोंडावर म्हणायची छाती कोणाची नव्हती, पण पाठीमागे सगळे म्हणत. सांगायला लाज वाटते, पण मीही त्या नावाला हसले आहे. तेवढा वेळ तरी लोक माझ्याकडे बघत नसत.

नव्वदच्या दशकातलं सुरत म्हणजे निम्म्या देशाला साड्या नेसवणारं गाव. आणि त्या गावात माझ्या अंगाला येईल असा एक तयार ड्रेस मिळत नव्हता. पर्वत पाटिया भागातल्या दुकानात पाऊल टाकलं की दुकानदार मला वरपासून खालपर्यंत बघायचा आणि जागचा न हलता म्हणायचा, "बेन, आ साइझमां नथी आवतुं." मग घरीदारी सल्ले सुरू. काळं घाल, बारीक दिसशील. आडव्या रेघा नको. सैल घाल, झाकलेलं बरं. आई मला उशीच्या अभ्र्यासारखे ड्रेस शिवून घ्यायची. मी काय चोरीचा माल होते झाकायला? हे मी कधी विचारलं नाही. मावशीने विचारलं, माझ्या आईला, आमच्याच घरात आमचाच चहा पिता पिता. आई महिनाभर तिच्याशी बोलली नाही.

मला शिक्षिका व्हायचं होतं, दुसरं काही नको होतं. पी.टी.सी.ला, म्हणजे तिकडच्या डी.एड.ला, सराव पाठ असायचे आणि पाठाला साडी सक्तीची. नाक्यावरच्या टेलरमास्तरने माझं माप भर दुकानात ओरडून कारागिराला सांगितलं, चार गिऱ्हाइकं वळून बघतील इतक्या मोठ्याने. एवढं करून ब्लाऊज घट्टच शिवला. "घट्ट असला की अंग आवळून राहतं," हे त्याचं शास्त्र. पहिल्याच पाठाला फळ्यावर तारीख लिहायला हात वर केला आणि काखेपासून कमरेपर्यंत शिवण टरकली. पोरं हसली. त्यांचं मी मनावर घेतलं नाही, पोरंच ती. पण मागच्या बाकावर गुणांची वही घेऊन बसलेल्या बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "आधी अंग आवर, मग वर्ग आवरशील." ते वाक्य आज आठवलं तरी माझ्या कानशिलात आग होते.

घरी येऊन मी सांगितलं, शिक्षण सोडते. आईने अडवलं नाही, तिला पटलंच असावं. मावशीने समजूत वगैरे काढली नाही. तिने विचारलं, "फळा कितला उंच शे?" मला भिंतीसमोर उभं केलं, हातात खडू दिला आणि उंचावर लिहायला लावलं. हात वर असतानाच तिने माप घेतलं. मग खाली बसवून घेतलं, मग वाकवून. काखेत कापडाचा चौकोनी तुकडा जोडला, बाही कोपरापर्यंत आणली, दंडाला काचणार नाही अशी. खांद्याची शिवण बरोब्बर हाडावर बसवली. कापता कापता तोंड चालूच होतं, "तुनं आंग चुकेल नही वं माय, शिवनारा चुकेल शे." रंग निवडला हळदीसारखा पिवळा. मी घाबरले. ती म्हणाली, "दिसू दे. मास्तरीनले दपीसन कशी चालई?"

साडी घ्यायला ती स्वतः माझ्याबरोबर आली. काउंटरवर साडी उलगडून हाताने मोजली. दोन हात कमी भरली. जाड बाईला निऱ्याही पुरत नाहीत आणि पदरही, हे साड्या कापणाऱ्यांना ठाऊक नसतं थोडंच. मावशी भर दुकानात कडाडली, "सेठ, ये तुमारी घरवाली को नेसाव! पदर कहाँ से आयेगा?" सेठने निमूटपणे आतून पूर्ण लांबीची काढली, अंगावरून सुळसुळीत पडणारी.

पुढच्या पाठाला मी तारीख फळ्याच्या अगदी वरच्या कडेला लिहिली. त्याच बाई म्हणाल्या, "आज बारीक दिसतेस." मी हरखून मावशीला सांगायला धावले, तर ती माझ्यावरच भडकली. "बारीक नही! नीट दिखी ऱ्हायनू म्हनावं!"

मी मराठी शाळेत लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी मावशी गेली. पोटात दुखतं म्हणून ती तीनदा डॉक्टरकडे गेली होती. तिन्ही वेळा त्याने पोटाला हात न लावता सांगितलं, आधी वजन कमी करा. चौथ्यांदा नेलं तेव्हा उशीर झाला होता. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

अहेवपणी गेली म्हणून हिरवी साडी आणली. अशा वेळी अंगावर सगळं नवंच लागतं. ब्लाऊज कोणीतरी बाजारातून तयार आणला होता, तो तिच्या कोपराच्या वर सरकेना. एक म्हातारी म्हणाली, "मांगून फाडी टाका नं. आते कोन पाही ऱ्हायनं?" दोघीजणी कात्री शोधायला उठल्यासुद्धा.

माझं डोकं फिरलं. कात्री मी हिसकावून घेतली. ओटीसाठी आलेले दोन हिरवे ब्लाऊजपीस उचलले, कारण एकात मावशी मावणारी नव्हती. दोन हिरव्यांच्या छटा वेगळ्या होत्या. दोरीवर वाळत पडलेला तिचाच ब्लाऊज मापाला घेतला आणि तिच्या मशीनवर बसले. मला शिवण येत होतं ते तिच्याकडे बघून बघून आलेलं, तोडकंमोडकं. मशीनच्या आवाजाने रडणाऱ्या बाया गप्प झाल्या. बाहेर तिरडी बांधून झाली होती. पुरुषमंडळी दारातून हाका मारायला लागली, आत काय चाललंय, उशीर होतोय. त्यात माझे वडीलही होते.

त्यांच्यापुढे मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी मशीन न थांबवता ओरडले, "थांबा! तिना ब्लाऊज व्हयना नही आजून!"

थांबले सगळे. मावशी अंगभर, न फाडलेला ब्लाऊज घालून गेली.