प्रफुल्ल रामटेके यांचा व्यासंग

अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावच्या मराठी मंडळींत विद्वान म्हणून दोघांचं नाव घेतात. त्यातले एक आपलं नाव स्वतःच घेतात, म्हणून त्यांना सोडून देऊ. दुसरे प्रफुल्ल रामटेके. ब्रिटनमधल्या बायकांनी गेल्या तीन-चारशे वर्षांत काय लिहिलं, कुणापासून लपवून लिहिलं आणि त्या लिहीत असताना घरातलं कोण बघत होतं, हा त्यांचा विषय. मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी त्यांचा लेख असतो, आणि लोक राशिभविष्याच्याही आधी तो वाचतात.

मी रामटेक्यांच्या शेजारी राहते. प्रफुल्लभाऊंच्या हातात मी आजवर एकच पुस्तक पाहिलं आहे, आणि ते बर्फ उडवायच्या यंत्राच्या, स्नो ब्लोअरच्या, खोक्यातून निघालेलं होतं. माणूस लाखात एक. हृदयात बसवायच्या उपकरणांच्या कंपनीत इंजिनिअर, आणि बर्फ पडला की आधी आमचा ड्राइव्हवे साफ करून मग स्वतःच्याकडे वळणारा. पण चार ओळी वाचल्या की त्यांना जांभई येते. ते लेख लिहितात त्यांची बायको, अपर्णाताई.

हे असं कसं झालं, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही भलताच संशय घ्याल. आमच्या मंडळाची मेंबरशिप फॅमिलीची असते. एका घराला वेबसाइटवर एकच खातं, आणि खात्याला नाव घरातल्या 'मुख्य सभासदा'चं. अपर्णाताईंनी पहिला लेख त्या खात्यातून पाठवला, आणि वेबसाइटने इमानदारीत त्याखाली छापलं: प्रफुल्ल रामटेके. ताईंनी संपादक जगन्नाथकाकांना फोन केला. काका म्हणाले, "अहो वहिनी, एकच घर ना? नवऱ्याचं नाव काय, तुमचं काय!" ताईंनी ते एकदा सोडून दिलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा फोन केला, तिसऱ्या वर्षीही केला. चौथ्या वर्षापर्यंत प्रफुल्लभाऊ विद्वान होऊन बसले होते, आणि बसलेल्या विद्वानाला उठवणं आपल्या लोकांना जमत नाही.

गंमत म्हणजे प्रफुल्लभाऊ कधीही खोटं बोललेले नाहीत. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला लोक ताट घेऊन त्यांच्याभोवती जमायचे. "सतराव्या शतकातल्या बायका रेसिपीच्या वहीत तापाची औषधं का लिहायच्या हो?" भाऊ म्हणायचे, "मला काय माहीत? हिला विचारा, हीच लिहिते." झालं. "केवढा विनय!" असं एकमेकांना सांगत लोक पुढे सरकायचे. भाऊ जितकं खरं बोलायचे, तितके ते मोठे होत गेले. आमच्या ओळखीतल्या दोन बायकांनी तर आपापल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण दिलं.

अपर्णाताई नागपूरच्या. घरात भिंतीवर बाबासाहेब, आणि मुलींनी शिकायचं की नाही ही चर्चाच नसलेली. इंग्रजीत एम.ए. करून त्या कॉलेजात शिकवत होत्या. लग्न झालं आणि नव्वदच्या दशकात नवऱ्यामागोमाग मिनेसोटात आल्या. त्यांच्या व्हिसावर त्यांना 'डिपेंडंट' म्हटलं होतं. नोकरी करायची नाही, आणि बँकेतल्या बाईनेसुद्धा त्यांच्याशी बोलताना नवऱ्याकडे बघायचं. बाहेर बर्फ, घरात एक टीव्ही. त्या चालत लायब्ररीत जायला लागल्या, आणि तिथे त्यांना या बायका भेटल्या.

नावाऐवजी नुसतं 'एका बाईने लिहिलेली' असं छापून कादंबऱ्या काढणाऱ्या. पुरुषाचं नाव घेऊन लिहिणाऱ्या. मालकिणीची चांदी घासून झाली की मोलकरणीच्या खोलीत डायरी लिहिणाऱ्या. लग्न झालं की तिथल्या कायद्याने बाई नवऱ्यात विरघळून जायची. तिची कमाई त्याची, तिने लिहिलेलं पुस्तकही त्याचं. एकोणिसाव्या शतकात एक लेखिका नवऱ्याला सोडून निघून आली, तर तिच्या लेखणीच्या पैशांवर त्यानेच हक्क सांगितला, आणि कायदा त्याच्या बाजूने उभा राहिला. "मला वाटलं, ही बाई माझ्याच व्हिसावर आहे," ताई मला एकदा म्हणाल्या होत्या.

पुढे ग्रीन कार्ड आलं, ताईंना शाळेच्या लायब्ररीत नोकरी लागली, लेक मोठी होऊन सिएटलकडे गेली. ब्रिटनच्या बायका मात्र घरीच राहिल्या. सकाळी शाळेत जाण्याआधी ताई लिहायला बसतात. शनिवारी आम्ही पाच-सहा जणी त्यांच्याकडे जमून वाचतो. त्या चिडून, हसून, हातवारे करून बोलतात, आणि चहा भाऊ करून आणतात.

तर मंडळाला पंचवीस वर्षं झाली. कमिटीने ठरवलं की रामटेक्यांच्या सगळ्या लेखांचं पुस्तक काढायचं आणि गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात प्रकाशन करायचं. ही बातमी आली तेव्हा मी ताईंच्या ओट्याशी उभी होते. त्यांनी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"दिवाळी अंक रद्दीत जातो गं," त्या म्हणाल्या. "पुस्तक राहतं. या पुस्तकावर मला माझं नाव पाहिजे. बाकी हार नको, शाल नको. नाव पाहिजे."

पीठ लागलेल्या हातांनीच त्यांनी फोन उचलला.

त्यांनी वेबसाइट सांभाळणाऱ्या मोनाला गाठलं. मोना एका मोठ्या कंपनीची आयटी मॅनेजर, आणि मंडळात तिच्या शब्दाबाहेर कीबोर्डही जात नाही.

"ताई, टोटली अग्री यार," मोना म्हणाली. "पण सिस्टीम काय करते, ऑथरचं नाव अकाउंटवरून उचलते. तुमच्या नावाचं सेपरेट अकाउंट हवं. ऑप्शन्स तीनच आहेत. फॅमिली, स्टुडंट आणि सिंगल."

"सिंगल कर," ताई म्हणाल्या.

"अहो पण तुम्ही मॅरिड आहात!"

"लंडनमध्ये लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने धंदा करायचा असेल, तर तेवढ्यापुरतं तिला एकटी समजायची रीत होती. मलाही समजा."

मोनाने केलं. त्याच संध्याकाळी वेबसाइटने नव्या सभासदांची यादी सगळ्यांना मेल केली. त्यात होतं: अपर्णा रामटेके, सिंगल.

पुढचे काही दिवस मी जन्मात विसरणार नाही. प्रफुल्लभाऊंच्या दाराशी डबे यायला लागले. मसालेभात, बटाट्याची भाजी, एका घरून तर अख्खा पुरणाचा स्वयंपाक. 'आता याला जेवायला कोण घालणार' हा प्रश्न गावाने मनावर घेतला होता. भाऊंना वाटलं, पुस्तक निघतंय म्हणून लोक खुशीत आहेत. त्यांनी सगळे डबे आनंदाने संपवले, घासून परत केले, आणि "असंच येत राहा" म्हणाले. ताईंच्या वाट्याला डबा आला नाही. त्यांना फोन आले. "या वयात ॲडजस्ट करायचं असतं गं," असं सांगणाऱ्या एका बाईला ताईंनी विचारलं की तुझं ॲडजस्ट करून संपलं का. त्यानंतर फोन कमी झाले.

सगळ्यांना समजावता समजावता मी घसा बसवून घेतला. पण खरी मेख पुढेच होती. नवे लेख ताईंच्या खात्यात जातील, पण जुने? ते तर भाऊंच्या खात्यात. कमिटीची मीटिंग झाली. जगन्नाथकाका थंडीत फ्लोरिडाला असतात, ते व्हिडिओवर आले, मागे नारळाचं झाड हलत होतं. त्यांनी दुःखी चेहऱ्याने निवाडा दिला.

"हे बघा, दोघांचं काय बिनसलं त्यात मंडळ पडणार नाही. पण लेखन त्या घरात झालं. घर सोडून जाणाऱ्याला लेख नेता येणार नाहीत. ते मुख्य सभासदाचेच राहतील."

ताई समोरच बसल्या होत्या. "काका," त्या म्हणाल्या, "हा तुमचा निवाडा इंग्लंडात दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी झालाय. मी त्यावर लेख लिहिला होता. तुम्हीच छापला."

"छापला ना! अप्रतिम लेख," काका म्हणाले. "रामटेकेसाहेबांना तोड नाही."

मला हसावं की स्क्रीनवर चप्पल फेकावी कळेना. ताई उठून गाडीत जाऊन बसल्या आणि रडल्या. रडल्या म्हणजे चक्क हुंदके देऊन. "एवढं वाचलं, एवढं लिहिलं, आणि शेवटी मी पण तिथेच," त्या म्हणत होत्या. मी गाडीचा हीटर चालू केला, दुसरं काय करणार?

हे भाऊंना कळलं. ते मोनाकडे गेले. अख्ख्या आयुष्यात त्यांनी वेबसाइटबद्दल पहिल्यांदाच प्रश्न विचारला असावा.

"माझ्या खात्यातले सगळे लेख अपर्णाच्या नावावर कर."

"भाऊ, मी करीन, पण मुख्य सभासदाचं सगळं स्पाऊजला ट्रान्सफर करायचं तर सिस्टीममध्ये एकच रीझन आहे."

"कुठलं?"

मोनाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. 'मुख्य सभासदाचे निधन'.

भाऊंनी वाचलं. एवढं छोटं होतं की जांभईसुद्धा आली नाही. "दाब," म्हणाले.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा ताई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "इंग्लंडात त्या काळी छापखाना चालवायचा, कागदावर सही करायची, तर बाईला एकच सोपा मार्ग होता. विधवा होणं. तुम्हाला कुणी सांगितलं?" भाऊ म्हणाले, "कुणी नाही. बटणच तेवढं होतं." त्या दिवशी ताई त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ बसल्या होत्या, आणि मी मुकाट्याने माझ्या घरी आले.

वेबसाइट आपल्या इमानदारीत चुकली नाही. फ्लोरिडात जगन्नाथकाकांना निधनाची मेल गेली. बाकीच्यांना खरं काय ते व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं, पण त्या ग्रुपमधून काका मागेच भांडून बाहेर पडले होते, त्यामुळे त्यांना खरं सांगायला कुणी नव्हतं. फोन करून शोकाकुल माणसांना त्रास देऊ नये, अशा मताचे ते. त्यांनी रामटेक्यांच्या घरच्या सामाईक मेलवर लांबलचक, संस्कृतप्रचुर सांत्वन पाठवलं. ती मेल भाऊंनी उघडली, दोन ओळी वाचल्या, आणि सवयीप्रमाणे उत्तर दिलं: "धन्यवाद काका. तिकडच्या उन्हाची मजा घ्या." काकांना वाटलं, वहिनींच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो. त्यांनी डोळे पुसले आणि पुस्तक परस्पर छापायला पाठवलं.

पाडवा. शाळेचं सभागृह, बाहेर अजून मळका बर्फ, आत जरीच्या साड्यांवर स्वेटर. खोकी उघडली. कव्हरवर ठळक अक्षरांत होतं: अपर्णा रामटेके. ताईंनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मी त्यांच्या शेजारीच उभी होते आणि मला रडू आवरेना.

मग त्या स्टेजवर गेल्या. बोलायला सुरुवात करण्याआधी त्यांनी पुस्तक उघडलं, आणि पहिल्याच पानावर थांबल्या. तिथे चौकटीत प्रफुल्लभाऊंचा फोटो होता, सहलीत मक्याचं कणीस खातानाचा. ताईंनी चष्मा लावला आणि खाली छापलेलं मोठ्याने वाचलं.

"'कैलासवासी प्रफुल्ल रामटेके यांचा प्रचंड व्यासंग त्यांच्या पश्चात वाया जाऊ नये, म्हणून त्यांच्या सुशील पत्नीने तो आपल्या नावे प्रसिद्ध केला आहे. पतीच्या कार्याला वाहून घेणाऱ्या या माउलीस वंदन. संपादक, जगन्नाथ.'"

तिसऱ्या रांगेत हातात श्रीखंडाची वाटी घेऊन बसलेले कैलासवासी उभे राहिले.

"अपर्णा," ते म्हणाले, "मी मेलो तरी यांना पटत नाही गं."

आधी मोना हसली, मग मी, मग सगळं सभागृह. ताईसुद्धा हसल्या, पण त्या हसण्याचा शेवट कुठे झाला ते मी पाहिलं. त्या डोळे पुसून चांगला अर्धा तास बोलल्या. त्या बायकांवर बोलल्या, आणि पहिल्यांदाच स्वतःवर. त्या दिवशी कुणी विनयाचं कौतुक केलं नाही.

नंतर टेबलाशी रांग लागली. ताई सही करत होत्या. शेजारी भाऊ बसले होते. ते प्रत्येक प्रत हातात घ्यायचे, आपल्या फोटोचं पान काळजीपूर्वक फाडून काढायचे आणि प्रत बायकोपुढे सरकवायचे. एवढ्या पुस्तकांना त्यांनी आयुष्यात हात लावला नसेल.

माझी पाळी आली तशी मी प्रत मागे ओढली. म्हटलं, "भाऊ, माझं पान राहू द्या. शंभर वर्षांनी मिनेसोटातल्या मराठी बायकांवर कुणीतरी लेख लिहील, तिला पुरावा लागेल."

ताईंनी सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तिला म्हणावं," त्या म्हणाल्या, "आधी खातं कुणाच्या नावावर आहे ते बघ."