टेबलावरचा बांध

पेणच्या मूर्तिकारखान्यात जीवन पाटलाला मान होता तो डोळ्यांमुळे. गणपती कुणीही रंगवावा, डोळे मात्र जीवननेच काढावेत. अशा माणसाला पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने अंगठ्याच्या पेराएवढा मावळा रंगवायला दिला, आणि जीवन त्या मावळ्याच्या मागे गेला तो गेलाच.

आता तो घरीच अख्ख्या फौजा घडवायचा. एका बाजूला मावळे, दुसऱ्या बाजूला टोपीकर. शहरातले कमावते बाप्ये त्या टेबलावर मांडतात, फासे टाकतात, टेप लावून चाल मोजतात आणि जुन्या लढाया नव्याने लढतात. गाव हसायचं. त्याची आई ठमाबाई मात्र हसत नसे. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी काढायचे असतात आणि त्यानंतर मूर्तीसमोर खोटं बोलायचं नसतं, एवढं तिला ठाऊक होतं. इथे तर अख्खी फौज तिच्या पोराकडे टक लावून बघत होती. तिला ते बरं वाटेना.

यंदा मागणी आली खाडीकाठच्या लढाईची, रणभूमीसकट. जीवनने आपलंच गाव उभं केलं. खाडी, भातशेती आणि मधला मातीचा बांध. तो बांध आहे म्हणून गाव आहे. खारं पाणी एकदा आत शिरलं की पुढची काही वर्षं भात विसरायचा. म्हणून बांधावर घराघराचा वाटा ठरलेला. ज्याचा वाटा त्याने खेकड्यांची बिळं बुजवायची आणि उधाणाला तिथे हजर राहायचं.

टेबलावरच्या बांधाला बाजारातला कुठलाच रंग जमेना. शेवटी चैत्रात जीवनने खऱ्या बांधाची काळी चिकण माती आणली. आपल्याच वाट्यातली, आतल्या बाजूने, कुणाच्या नजरेला येणार नाही अशी. टेबलावरचा पहिला बांध वाळून तडकला. दुसराही तडकला. मग तो पोतीच भरून आणू लागला. पावसाआधी खड्डा भरून काढू, मनाशी म्हणाला. पाऊस लागला, तेव्हा म्हणाला, जरा उघडू दे. शहाणा माणूस वेडेपणा करतो तेव्हा तो नीट विचार करूनच करतो.

आषाढी अमावास्येला सकाळपासून वारा खाडीकडून सुटला होता. भरती दुपारची.

"आज मोठं उधान हाय," ठमाबाई म्हणाली. "घरचा येक मानूस बांधावर पायजे."

"येवढे डोळे झाले की जातो, आये. उद्या पुन्याला द्यायचं हाय."

तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग घमेलं उचललं, डोक्यावर इरलं घेतलं आणि ती निघाली. जीवनला ते दिसलं. पण ब्रशच्या टोकाला काळा रंग होता, आणि तो वाळतो.

शेवटच्या टोपीकराचा डावा डोळा काढताना बाहेरचे बेडूक गप्प झाले. जीवनचा हात थांबला. एवढ्या पावसात बेडूक गप्प होतात ते शेतात खारं पाणी शिरलं तरच. तेवढ्यात शेजारचा तुळशीराम धापा टाकत दारात आला.

"जीवन, तुज्या वाट्यात कोन हाय?"

"आये."

तुळशीरामने नुसतं खाडीकडे बोट केलं.

जीवन धावत सुटला. जो तो आपापल्या वाट्यावर गुडघाभर चिखलात उभा होता. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. त्याच्या वाट्यात खांड पडली होती, बैलगाडी जाईल एवढी. माती जिथून काढली होती, नेमकी तिथेच. गढूळ पाणी आवाज न करता शेतात शिरत होतं आणि त्यात ठमाबाईचं घमेलं गरगरत चाललं होतं.

ती खांडीच्या पलीकडच्या काठावर बसली होती. कुणीतरी ओढून वर काढली असावी. तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत काळी माती होती. सबंध गावच्या शेतावर पसरणारं पाणी ती बघत होती. जीवन दिसला तेव्हा ती रागावली नाही, रडलीही नाही.

"झाले काय रं डोळे?" तिने विचारलं.